सीडी फेकू नका, आधी अडॅप्टर तपासा

वाचकहो, तुमच्या गावात ग्रामसभेची एक पेटी असेलच. लोखंडी, कडी गंजलेली, उघडताना किरकिरणारी. आत ठरावांची रजिस्टरं, पावतीपुस्तकं, निस्तारपत्रकाची पिवळी पडलेली नक्कल, आणि पार तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या एकदोन सीडी. त्यावर कुणीतरी स्केचपेनानं लिहिलेलं असतं, 'वनहक्क दावा, फोटो व नकाशे'. ती सीडी शेवटची कधी लावून पाहिली, हे विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

हे असं का झालं, ते समजण्यासारखं आहे. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये. त्याच सुमारास आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगावी दावे तयार होत होते, आणि तो काळ सीडीचा होता. पेन ड्राइव्ह महाग होता, सीडी स्वस्त. झेरॉक्सवाल्याकडून पानं स्कॅन करून घ्यायची, सीडीत भरायची आणि पेटीत ठेवायची, अशी रीत पडली. पुढे लॅपटॉपमधून सीडी घालायची जागाच गेली. पेटीतली सीडी मात्र तशीच राहिली.

आता धानोरा तालुक्यातल्या एका गावची गोष्ट सांगतो. नाव देत नाही, कारण त्यांचं प्रकरण अजून चालू आहे. गावाला पट्टा मिळाला, पण दाव्यात जेवढं जंगल दाखवलं होतं त्यापेक्षा पट्ट्यावरचं क्षेत्र कमी निघालं. नाल्यापलीकडचा तुकडाच गळाला. त्या तुकड्यात गावाचा तेंदू, मोह आणि बांबू. दुरुस्तीचा अर्ज करायचा तर मूळ दाव्याची नक्कल पाहिजे. कचेरीतली प्रत सापडेना, गावातली प्रत वाळवीनं खाल्लेली. उरली एक सीडी. तिच्यात दाव्याची सगळी पानं, हद्दीवरच्या खुणांचे फोटो, आणि गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाचा अंगठा असलेला लेखी जबाब. नाल्यापलीकडे आपण लहानपणापासून ढोरं चारली, असं त्या जबाबात आहे. वडीलधाऱ्यांचा असा लेखी जबाब वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून धरला जातो. तो माणूस आता हयात नाही. म्हणजे सीडी गेली की तो जबाबही गेला.

पोरांनी ऑनलाइन सीडी ड्राइव्ह मागवला. दुकानदार ज्याला 'एक्स्टर्नल डीव्हीडी रायटर' म्हणतात तोच, चपटा काळा डबा. लॅपटॉप नवा, त्याला फक्त बारीक टाइप-सी खाच, म्हणून सोबत एक छोटा अडॅप्टर घेतला. सगळं जोडलं. दिवा लुकलुकला, आतून घर्र आवाज आला, मग टक, आणि बंद. पुन्हा घर्र, पुन्हा टक. तालुक्याच्या दुकानात नेलं. तिथे निकाल मिळाला, सीडी खराब झाली, फेकून द्या.

समितीचे अध्यक्ष माझ्याकडे आले. म्हणाले, "सीडी मेली म्हनते जी दुकानवाला. आता का करावं?"

मी म्हटलं, "काका, ती घरर घरर करते ना, ते तुमच्या विहिरीवरच्या मोटरसारखं आहे. सीडी राहू द्या बाजूला, आधी करंट पाहू."

शेतकरी वाचकांना हे सांगायला नको. व्होल्टेज कमी असलं की मोटर नुसती घूं घूं करते, उचलत नाही. एकदा फिरायला लागली की कमी करंटवरही चालत राहते, पण सुरुवातीचा झटका जास्त लागतो. सीडी ड्राइव्हचंही तेच आहे. त्यात एक छोटी मोटर असते, ती थांबलेल्या चकतीला मिनिटाला हजारो फेऱ्यांपर्यंत नेते. शिवाय लेझर आणि त्याला मागेपुढे सरकवणारी दुसरी मोटर. हे सगळं ५ व्होल्टवर चालतं, आणि चकती उचलताना अशा ड्राइव्हला १ अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट लागू शकतो. आता लॅपटॉप देतो किती? जुन्या पद्धतीच्या यूएसबी २.० खाचेतून नियमानं ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अर्धा अँपिअर. आतून निळी असते ती यूएसबी ३.० ची खाच ९०० देते. मधे स्वस्तातला अडॅप्टर आणि लांब, बारीक तारेची केबल आली की त्यातलंही काही वाटेत जिरतं. मग मोटर उचलत नाही, ड्राइव्ह मधेच बंद पडतो, पुन्हा चालू होतो, आणि पडद्यावर 'डिस्क घाला' असं येतं. पाहणाऱ्याला वाटतं सीडीच गेली.

तेव्हा वाचकहो, पहिली परीक्षा कानानं करा. ड्राइव्ह जोडा, सीडी घालू नका. दिवा लागला आणि बटन दाबल्यावर ट्रे बाहेर आला, तर थोडा तरी करंट पोचतोय. मग सीडी घाला. एका दमात सूंऽऽ करत फिरली तर ठीक. थांबत थांबत घर्र, टक, घर्र, टक असा आवाज आला तर जवळजवळ नक्की समजा की करंट कमी पडतोय.

दुसरी परीक्षा अडॅप्टरची. त्याच अडॅप्टरला पेन ड्राइव्ह लावा. पेन ड्राइव्हही दिसला नाही तर अडॅप्टर वाया गेला, किंवा तो नुसता चार्जिंगचा आहे. असे अडॅप्टर बाजारात पुष्कळ मिळतात, दिसायला सारखेच. पेन ड्राइव्ह छान उघडला पण सीडी ड्राइव्ह चालत नाही, तर माहिती जातेय पण करंट पुरत नाही असा अर्थ. पेन ड्राइव्हला लागतोच किती! एवढी एक परीक्षा केली असती तर त्या गावाच्या धानोऱ्याच्या दोन चकरा वाचल्या असत्या.

उपाय फार खर्चाचा नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवू नका, चार्जर लावून ठेवा. बॅटरी वाचवायच्या सेटिंगमध्ये लॅपटॉप खाचेचा करंट आखडता घेतो. माउस, मोबाइल, पंखा, जे काही खाचेला लटकलं असेल ते काढा. ड्राइव्हसोबत आलेली आखूड केबलच वापरा. एवढ्यानं भागलं नाही तर दोन शेपट्यांची केबल असते, तिची एक शेपटी माहितीसाठी, दुसरी नुसती करंटसाठी. दोन्ही लॅपटॉपला लावा. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतःचा वेगळा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. तो भिंतीतल्या बोर्डावरून वीज घेतो, लॅपटॉपवर भार टाकत नाही. गावात लाइन वारंवार जात असेल तर हब इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावा. सीडी वाचताना मधेच लाइन गेली तर सीडीचं काही बिघडत नाही, कॉपी मात्र अर्धवट राहते.

इथे एक धोक्याची सूचना, ही मात्र नीट वाचा. काही ड्राइव्हना मागे गोल पिनेचं छोटं भोक असतं. तिथे ५ व्होल्टचाच अडॅप्टर लावायचा. घरात इंटरनेटच्या राऊटरचा अडॅप्टर पडलेला असतो, त्याची पिन तशीच गोल आणि पुष्कळदा बरोबर बसतेही. पण राऊटरचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो. तो लावला की ड्राइव्ह जळाला समजा. अडॅप्टरवर 'आउटपुट' असं लिहून पुढे व्होल्ट छापलेले असतात. चष्मा लावून वाचा, नाहीतर शाळेतल्या पोराला वाचायला सांगा.

काही जण आणखी एक करतात. जुना लॅपटॉप बंद पडलेला असतो, त्यातला सीडी ड्राइव्ह काढून तारेच्या अडॅप्टरनं नव्या लॅपटॉपला जोडतात. कल्पना चांगली, पैसे वाचतात. पण अडॅप्टर घेताना ड्राइव्ह सोबत न्या. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कच्या साटा अडॅप्टरमध्ये करंटच्या १५ पिना असतात, लॅपटॉपच्या बारीक सीडी ड्राइव्हला ६. माहितीच्या ७ पिना दोन्हीकडे सारख्या, म्हणून माणूस फसतो आणि जोर लावून बसवायला जातो. जोर लावू नका, पिन वाकली की संपलं. टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरमधला ड्राइव्ह असेल तर त्याला ५ व्होल्टशिवाय १२ व्होल्टही लागतात. नुसत्या यूएसबीवर तो दिवाही लावणार नाही. त्याच्यासाठी वेगळ्या वीजपुरवठ्यासह येणारा अडॅप्टरच घ्यावा लागतो. आणि फार जुना, रुंद पट्टीच्या केबलचा ड्राइव्ह असेल तर त्याच्या मागे लागू नका, नवा बाहेरचा ड्राइव्ह घेणं परवडतं.

आता समजा करंट ठीक आहे, सीडी एका दमात फिरते, तरी लॅपटॉपवर ड्राइव्ह दिसत नाही. विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा, त्यात डीव्हीडी ड्राइव्हचं नाव आहे का पाहा. नाव आहे पण त्याला पिवळी खूण लागली आहे, तर त्या नावावर जाऊन 'अनइन्स्टॉल' करा, ड्राइव्ह काढा, लॅपटॉप बंद करून चालू करा, पुन्हा जोडा. विंडोज त्याला नव्यानं ओळखतं. घाबरू नका, यात सीडीतलं काही पुसलं जात नाही. नाव आहे, पिवळी खूण नाही, तरी डबा दिसत नसेल तर 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन त्याला एखादं मोकळं अक्षर द्या. पुष्कळदा पेन ड्राइव्ह, मोबाइल यांनी अक्षर अडवलेलं असतं. पिवळी खूण जातच नसेल तर जुन्या सीडी भरायच्या सॉफ्टवेअरनं मागे ठेवलेल्या नोंदी आड येत असतील. ते काम जाणत्या माणसाकडून करून घ्या, स्वतः खोलात शिरू नका. त्यापेक्षा सोपं म्हणजे तोच ड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहणं. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, अडॅप्टर आणि लॅपटॉप एकदम बदलले तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

त्या गावचा ड्राइव्ह हबवर लावल्याबरोबर फिरला. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि लगेच मावळलं. पडद्यावर आलं, डिस्क रिकामी आहे.

वाचकहो, इथे सगळ्यात जास्त घात होतो. विंडोजला सीडी वाचता आली नाही की कधी कधी ते ती कोरी समजतं आणि विचारतं, ही डिस्क कशी वापरायची? कुणीतरी उत्साही पोरगा 'ओके' दाबतो. 'कॅन्सल' दाबा. पुन्हा लिहिता येणारी सीडी असेल तर 'ओके'नंतर होतं तेही जाऊ शकतं. कोरी दिसण्याची कारणं दुसरीच असतात. एक तर चकतीवर धूळ नाहीतर बुरशी. आपल्याकडे गडचिरोलीत वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत. कौलाखाली ठेवलेल्या पेटीत सीडी दरवर्षी भिजल्यासारखी होते आणि भाजून निघते. दुसरं कारण असं की भरताना सीडी शेवटी बंद केलेलीच नसते. त्याला 'फायनलाइज' म्हणतात. लग्नाच्या शूटिंगच्या डीव्हीडींत हा प्रकार फार. अशी डीव्हीडी ज्या यंत्रावर भरली त्यावर, किंवा तशा जातीच्या रायटरवर उघडण्याची आशा असते.

पुसण्याची पद्धत सांगतो. जुन्या धुतलेल्या धोतराचा नाहीतर लुगड्याचा मऊ तुकडा घ्या. मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत पुसा. ताट पुसल्यासारखं गोल गोल पुसू नका, कारण माहिती गोल गोलच लिहिलेली असते आणि त्या दिशेनं पडलेला ओरखडा फार नडतो. मळ चिकटला असेल तर साध्या पाण्यात सौम्य साबणाचा थेंब. रॉकेल नको, पेट्रोल नको. आणि लोकांना वाटतं चकचकीत बाजू नाजूक, वरची लिहायची बाजू दणकट. सीडीच्या बाबतीत उलटं आहे. माहितीचा थर वरच्या रंगाच्या अगदी खाली असतो, चकचकीत बाजूला जाड प्लास्टिकचं संरक्षण असतं. म्हणून वर बॉलपेननं लिहू नये, कागदी लेबल चिकटवू नये, चिकटवलेलं असेल तर ओढून काढू नये. उजेडाकडे धरून पाहा. बारीक भोकांतून उजेड आरपार दिसला तर तेवढा भाग गेला. पण तो भाग कडेला असेल तर निराश होऊ नका. सीडी आतून बाहेर भरत जाते, पूर्ण भरलेली नसेल तर कड बहुधा कोरीच असते. भरलेल्या आणि कोऱ्या भागाच्या रंगात थोडा फरकही दिसतो.

ड्राइव्हच्या ट्रेत मधे एक छोटी काचेसारखी भिंग असते. तिच्यावर धूळ बसली तरी सीडी वाचली जात नाही. कानकोरण्याचा कापूस अगदी हलका फिरवायचा, दाबायचं नाही. एखादा ड्राइव्ह सीडी वाचतो आणि डीव्हीडी वाचत नाही, किंवा उलट. त्यात नवल नाही, दोन्हींसाठी लेझरचा उजेड वेगवेगळा लागतो, एक थकला तरी दुसरा चालतो. म्हणून एका ड्राइव्हनं नाही म्हटलं की तो शेवटचा निकाल मानू नका. ट्रे अडकला तर ड्राइव्हची केबल काढा, पुढच्या बाजूला सुईएवढं भोक असतं त्यात सरळ केलेली कागदाची क्लिप घाला, ट्रे सुटतो.

झाडीपट्टीतल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. भाऊबीजेपासून मंडईचे दिवस सुरू झाले की आपल्याकडे नाटकांची धूम, वडसा त्याचं माहेरघर. झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीपट्टीला आनंद झाला. कुणाच्या घरी गावच्या नाटकाची, दंडारीची, बापाच्या भूमिकेची सीडी असेल तर तीही याच रांगेत धरा. ड्राइव्ह उघडतो पण चित्र दिसत नाही, अशी तक्रार येते. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय विंडोजमध्ये आपोआप येत नाही. 'व्हीएलसी' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते टाका. व्हीसीडी असेल तर आत 'एमपीइजीएव्ही' नावाचं फोल्डर असतं, त्यातली 'डॅट' फाइल व्हीएलसीत उघडते. डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' फोल्डर असतं, ते सगळंच्या सगळं उचलून लॅपटॉपवर ठेवा.

गंमत म्हणून सांगतो, गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरापासून वेगळा झाला, आणि बाजारातला पहिला सीडी प्लेअर जपानात त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विकायला आला. दोघं एका वयाचे. पण घरी भरलेल्या सीडीला तेवढं आयुष्य नसतं. तिच्यात रंगाचा थर असतो, तो ऊन, उष्णता आणि दमट हवेनं उडत जातो. कंपनीत छापून येणारी सिनेमाची सीडी वेगळी, झेरॉक्स सेंटरवर भरलेली वेगळी.

त्या गावची सीडी पुसली, तासभर सावलीत वाळवली आणि पुन्हा लावली. या वेळी फोल्डर दिसलं. कुणी काही बोललं नाही. मी सगळं एकदम कॉपी करायला लावलं नाही. तसं केलं आणि मधे एक फाइल अडली की सगळंच थांबतं. आधी जबाब, मग नकाशे, मग दाव्याची पानं, शेवटी फोटो, असं एकेक उचललं. जबाब उघडला. अंगठ्याचा ठसा स्वच्छ होता. अध्यक्षांनी पडद्याला हात लावला आणि म्हणाले, "हा आमचा बुढा होय जी."

नकाशे आले, पानं आली. फोटोंपैकी तीन अडले. गावच्या शाळेत मोठा जुना कॉम्प्युटर आहे, त्याच्या ड्राइव्हवर त्यातले दोन निघाले, एक नाहीच निघाला. तो नाल्याच्या काठावरच्या जुन्या खुणेच्या दगडाचा होता. दगड अजून जागेवर आहे, त्यामुळे नवा फोटो काढता येईल, पण जुन्या तारखेचा फोटो तो जुन्या तारखेचा.

कॉपी झाल्यावर प्रत्येक फाइल उघडून पाहिली, नुसती नावं मोजली नाहीत. दोन पेन ड्राइव्ह भरले, एक अध्यक्षांकडे, दुसरा गावाबाहेर राहणाऱ्या त्यांच्या पुतण्याकडे. जबाबाच्या आणि नकाशांच्या तीन तीन छापील प्रती काढल्या. सीडी पुन्हा पेटीत गेली नाही. डबीत घालून, उभी, बचत गटाच्या कपाटात ठेवली. ड्राइव्ह, हब आणि त्याचा ५ व्होल्टचा अडॅप्टर एका पिशवीत बांधून वर चिठ्ठी लावली आहे. शेजारच्या दोन गावांनी तो मागितला आहे. पोळ्याच्या आधी एक गाव नेणार, नंतर दुसरं.